वसाहतकालीन अमेरिकेतील स्कॉटिश पूर्वजांचा माग: आधी कागद, मग आडनाव

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशस्थ मराठी कुटुंबांवर जो लेख आला, त्यात एक परिच्छेद अमेरिकन सुना-जावयांच्या घराण्यांविषयी होता. नातवंडांना आजोळचा इतिहास सांगायचा असेल तर संकेतस्थळावर आडनाव टाकावे, म्हणजे स्कॉटलंडमधल्या एखाद्या सरदाराच्या गढीपर्यंत पोचणारी वंशावळ काही मिनिटांत मिळते, असे त्यात म्हटले होते. लेख आपुलकीने लिहिलेला आहे आणि त्याचा मूळ उद्देश मला मनापासून पटतो. परंतु हे एक विधान वाचकाला चुकीच्या वाटेला लावणारे आहे आणि ज्या मुलांसाठी आपण हे सारे करतो त्यांच्या पदरात दुसऱ्याच कोणाचा तरी पूर्वज टाकणारे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी सारी नोकरी जुन्या दप्तरांच्या कामात गेली. मोडी कागद वाचताना जी शिस्त अंगवळणी पडली ती अशी की, दोन कागदांत नाव एकच आले एवढ्यावरून माणूस एकच ठरत नाही. माझ्या सुनेचे माहेर नॉर्थ कॅरोलिना राज्यातले, केप फिअर नदीच्या खोऱ्यातले. त्या घराण्याचा माग काढण्याचे काम मी माझ्या व्याह्यांसोबत काही वर्षे करीत आहे. त्या अनुभवावरून मला ठामपणे म्हणावेसे वाटते की, वसाहतकाळात अमेरिकेत आलेल्या स्कॉटिश कुटुंबाचा शोध आडनावावरून सुरू करू नये. अमेरिकेतील जो पूर्वज कागदोपत्री पक्का आहे त्याच्यापासून एकेक पिढी मागे जावे, प्रत्येक दुव्याला पुरावा मागावा, आणि समुद्रापलीकडचे गाव कोणते हा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घ्यावा.

शोध घेणारे बहुतेक जण प्रथम जहाजाची यादी मागतात आणि ती मिळाली नाही की निराश होतात. वस्तुस्थिती अशी आहे की अमेरिकेत येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या सरकारकडे सादर करण्याची सक्ती १८१९ च्या कायद्याने झाली आणि त्या याद्या १८२० पासून मिळतात. त्याआधीच्या याद्या अपवादानेच टिकल्या. फिलाडेल्फिया बंदरात १७२७ पासून उतरलेल्या जर्मन लोकांची नावे पुष्कळ प्रमाणात सापडतात, कारण ते परकीय होते आणि त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. स्कॉटिश माणूस मात्र राजाचा जन्मजात प्रजाजन होता. एका वसाहतीत उतरताना त्याच्याकडून शपथ घेण्याचे कोणाला कारण नव्हते, म्हणून त्याची नोंदही झाली नाही. यादी नाही याचा अर्थ माणूस आला नाही किंवा शोध संपला, असा होत नाही.

त्याऐवजी विचारण्याचा प्रश्न हा, की हा माणूस कोणत्या लाटेबरोबर आला असावा. कारण तो कैदी होता, कुळ होता, सैनिक होता की व्यापाऱ्याचा गुमास्ता, यावर त्याचा कागद कुठल्या दप्तरात पडला हे अवलंबून असते.

उदाहरणार्थ, ३ सप्टेंबर १६५० रोजी स्कॉटलंडमधील डनबारच्या लढाईत इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याने हजारो स्कॉट सैनिक पकडले. त्यांपैकी सुमारे दीडशे जणांना ‘युनिटी’ नावाच्या जहाजातून मॅसॅच्युसेट्सला पाठवून सक्तीच्या चाकरीसाठी विकण्यात आले. काही जण सॉगस येथील लोखंडाच्या कारखान्यात गेले, काही आजच्या मेन राज्यातील बर्विकच्या लाकूड गिरण्यांवर. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला वुस्टरची लढाई झाली आणि तेथील कैदी ‘जॉन अँड सेरा’ या जहाजाने १६५२ च्या सुरुवातीला बॉस्टनला पोचले. या दुसऱ्या जहाजाची सुमारे पावणेतीनशे नावांची यादी बॉस्टनच्या सफोक परगण्याच्या दस्तनोंदणीत उतरवली गेली म्हणून ती वाचली. पहिल्या जहाजाची यादी मात्र उपलब्ध नाही, आणि त्यातील माणसांची नावे अभ्यासकांनी कारखान्याचे हिशेब, न्यायालयातील खटले, जमिनींचे दाखले यांतून एकेक करून जुळवली आहेत. १६५२ च्या यादीतली नावे गेलिक या स्कॉटिश भाषेचे उच्चार न समजणाऱ्या इंग्रज कारकुनाने कानाला येतील तशी लिहिली आहेत; तिच्यातील एखादे नाव आपल्या आडनावाशी जुळते म्हणून तोच आपला मूळपुरुष, असे कोणी ठरवले तर ते टिकणार नाही. त्या माणसाची चाकरीची मुदत, सुमारे सहा ते आठ वर्षे, संपल्यावर तो कोणत्या गावात जमीन घेतो, कोणाशी लग्न करतो, कोणाच्या मृत्युपत्रावर साक्ष घालतो, हे पाहावे लागते. १६५७ साली बॉस्टनमधील स्कॉट मंडळींनी गरजू देशबांधवांना मदत करण्यासाठी ‘स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी’ स्थापन केली. तिचे जुने सभासद आणि वर्गणीदार तपासणे अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण परमुलखात स्कॉट माणूस स्कॉट माणसाच्याच जामिनावर उभा राही.

कैद्यांची हीच कथा पुढे पुन्हा घडली. १६८५ मध्ये कॉव्हेनंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, राजाचे धर्मविषयक हुकूम न मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन कैद्यांना घेऊन ‘हेन्री अँड फ्रान्सिस’ हे जहाज लीथ बंदरातून न्यू जर्सीतील पर्थ अँबॉयला गेले. वाटेत तापाची साथ पसरून अनेक जण दगावले. १७१५ मध्ये पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांनी, म्हणजे जेकोबाइटांनी, केलेल्या बंडानंतर प्रेस्टन येथे पकडलेले शेकडो जण १७१६ साली मेरिलंड, व्हर्जिनिया आणि कॅरोलिनात धाडले गेले. मेरिलंडला आलेल्या जहाजांच्या ज्या याद्या उरल्या आहेत त्यांत कैद्याच्या नावासमोर त्याला विकत घेणाऱ्याचेही नाव आहे. वंशशोधकाच्या दृष्टीने हे खरेदीदाराचे नाव कैद्याच्या नावाइतकेच मोलाचे आहे, कारण त्याच्या घरच्या कागदांतून माणूस पुढे कुठे गेला ते कळू शकते.

केप फिअर खोऱ्यातील लोक असे सक्तीने आलेले नव्हते. १७३९ साली आर्गाइल भागातून सुमारे साडेतीनशे हायलंडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर-पश्चिम भागातील, मंडळी एकत्र निघून नॉर्थ कॅरोलिनात उतरली. १७४० च्या फेब्रुवारीत वसाहतीच्या विधिमंडळाने त्यांना दहा वर्षे करमाफी देण्याचे ठरवले, आणि त्यानंतर कलोडन येथे १७४६ मध्ये झालेल्या जेकोबाइटांच्या पराभवाच्या आधी व नंतरही नातेवाईक नातेवाइकांना बोलावून घेत राहिले. क्रॉस क्रीक, म्हणजे आजचे फेएटव्हिल, हे त्यांचे बाजाराचे गाव बनले. तिथे गेलिक बोलली जाई आणि १७५८ पासून जेम्स कॅम्पबेल हे धर्मोपदेशक गेलिकमध्ये प्रवचने देत. अशा ठिकाणी आडनावावरून माणूस शोधणे का अशक्य आहे, हे एकदा तिथल्या जमिनीच्या नोंदी पाहिल्या की पटते. एकाच ओढ्याच्या काठी एकाच नावाचे चार-पाच शेतकरी असतात, आणि त्यांना वेगळे करणारी खूण म्हणजे शेजारी, साक्षीदार, ओढ्याचे नाव आणि बायकोचे नाव एवढीच. आम्ही दोघांनी प्रत्येक खरेदीखताचे साक्षीदार वेगळ्या वहीत उतरवायला घेतले तेव्हाच कोणता डोनाल्ड कोणाचा, हे उलगडू लागले.

या खोऱ्यात आणखी एक अडचण येते ती परगण्यांच्या विभागणीची. कंबरलंड परगणा १७५४ मध्ये ब्लेडनमधून वेगळा निघाला. त्यामुळे एखादे कुटुंब जागचे न हलताही त्याचे १७५० चे कागद एका कचेरीत आणि १७६० चे दुसऱ्या कचेरीत असू शकतात. त्यातून ब्लेडनच्या न्यायालयाला लागलेल्या आगींत बरेच दप्तर गेले. तरीही वाचकांनी हताश होऊ नये. वसाहतीच्या सरकारने दिलेल्या जमिनींच्या मूळ सनदा परगण्याच्या कचेरीत नसून राज्याच्या दप्तरात होत्या, आणि आज त्या रॅली येथील राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात. परगण्याची कचेरी जळाली तरी सनद उरते, सनदेत शेजाऱ्याची हद्द असते, आणि हद्दीवरून शेजारी कळतो.

स्वतंत्रतेच्या युद्धात या हायलंडर मंडळींपैकी अनेक जण राजाच्या बाजूने उभे राहिले आणि २७ फेब्रुवारी १७७६ रोजी मूर्स क्रीक पुलावर त्यांचा पराभव झाला. १७७४ साली इथे येऊन राहिलेल्या आणि कलोडननंतर स्टुअर्ट राजपुत्राला पळून जाण्यास मदत केल्यामुळे प्रसिद्ध झालेल्या फ्लोरा मॅक्डॉनल्ड यांचे पतीही त्यात कैद झाले. युद्धानंतर ज्या राजनिष्ठांची मालमत्ता जप्त झाली त्यांनी लंडनमध्ये भरपाईचे दावे केले, आणि ते दावे लंडनच्या क्यू भागातील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत. आपण कोण, कोठून, केव्हा आलो आणि काय गमावले हे अर्जदाराला त्यात सिद्ध करावे लागले. म्हणून वसाहतकालीन स्कॉट माणसाने स्वतःविषयी सांगितलेला मजकूर इतक्या विस्ताराने क्वचितच दुसरीकडे मिळतो. अमेरिकन कुटुंबे आपला पूर्वज क्रांतीच्या बाजूचाच असणार असे धरून चालतात आणि हा मोठा साठा चाळायचाच राहून जातो, याचे मला फार वाईट वाटते.

याच अभिलेखागारात १७७३ ते १७७५ या काळातील स्थलांतरितांचे एक टिपण आहे. माणसे इतक्या संख्येने देश का सोडतात याची सरकारला चिंता वाटू लागली, तेव्हा बंदरांवरील जकात अधिकाऱ्यांना जाणाऱ्यांची नावे, वय, व्यवसाय, गाव आणि जाण्याचे कारण लिहून पाठवण्याचा हुकूम झाला. जमिनीचे भाडे वाढले, काम मिळत नाही, अधिक चांगली भाकरी मिळावी, अशी कारणे त्यात येतात. पण हे टिपण जेमतेम दोन वर्षांचे आहे, सर्व बंदरांतून ते नीट आलेले नाही, आणि १७७५ मध्ये युद्ध पेटल्यावर स्थलांतरच रोखले गेले. १७४० मध्ये आलेल्या पूर्वजाला या यादीत शोधणे व्यर्थ आहे, तरीही असे जोडलेले दुवे मी संकेतस्थळांवर वारंवार पाहिले आहेत.

सैनिकांसाठी वाट वेगळी आहे. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात हायलंड पलटणी अमेरिकेत लढल्या, आणि १७६३ च्या राजघोषणेनुसार युद्धानंतर तिथेच राहणाऱ्या साध्या शिपायाला पन्नास एकर, तर हवालदार दर्जाच्या माणसाला दोनशे एकर जमीन देण्याचे ठरले. ज्यांनी ती मागितली त्यांच्या अर्जांत पलटणीचे नाव असते, आणि पलटण कळली की ती स्कॉटलंडच्या कोणत्या भागात उभी राहिली हेही कळते. व्हर्जिनिया व मेरिलंडमधील ग्लासगोच्या तंबाखू व्यापाऱ्यांचे गुमास्ते मात्र बहुधा अविवाहित तरुण होते आणि अनेक जण परत गेले. त्यांच्यापर्यंत वंश नेताना दुप्पट सावधगिरी हवी.

ज्या कुटुंबांना आपण ‘स्कॉच-आयरिश’ असल्याचे माहीत आहे, त्यांच्या बाबतीत स्कॉटलंडकडे घाई करणे सर्वांत धोक्याचे. हे लोक १६१० च्या सुमारास सुरू झालेल्या, उत्तर आयर्लंडमधील अल्स्टरच्या वसाहतीत स्थायिक झाले, तिथे तीन-चार पिढ्या राहिले, आणि १७१८ पासून १७७५ पर्यंत एक लाखाहून अधिक संख्येने न्यू हॅम्पशायर, पेनसिल्व्हेनिया आणि तिथून दक्षिणेला शेनँडोआ खोऱ्याच्या वाटेने कॅरोलिनापर्यंत पसरले. त्यांचे स्कॉटलंडमधील गाव अमेरिकेत येण्याच्या शंभर वर्षे आधीचे आहे. मधल्या पिढ्यांचे आयर्लंडमधील पुष्कळ कागद ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील आगीत नष्ट झाले. त्या शंभर वर्षांवरून उडी मारून कोणी थेट स्कॉटलंडमधील एअरशरच्या एखाद्या बाप्तिस्म्याशी नाते जोडत असेल, तर त्याने आधी पुरावा दाखवावा.

समुद्र ओलांडायची वेळ आली, की स्कॉटलंडमधील दप्तरांच्या मर्यादा समजून घ्याव्या लागतात. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी तिथे १ जानेवारी १८५५ पासूनची आहे; त्याआधीचा आधार म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, जुन्या नोंदवह्या. त्यांतील सर्वांत जुनी १५५३ ची आहे, परंतु हायलंड्स आणि बेटांवरील अनेक पॅरिशांच्या वह्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्याहीनंतर सुरू होतात. म्हणजे ज्या काळात लोक आर्गाइलहून निघाले त्या काळातील बाप्तिस्मे अनेक ठिकाणी लिहिलेलेच नाहीत, आणि कॅथलिक व एपिस्कोपल (बिशपांची सत्ता मानणारी) कुटुंबे त्या वह्यांत पुरेशी येतही नाहीत. इंटरनेटवर एका डंकनचा बाप्तिस्मा सापडला म्हणून तोच आपला डंकन असे मानणे मुळातच चूक आहे, कारण ज्या शंभर डंकनांची नोंद झाली नाही त्यांच्यापैकी तो असण्याचा संभव अधिक असतो.

अशा वेळी जमीन आणि वारसाहक्काची कागदपत्रे अधिक भरवशाची ठरतात. १६१७ पासून चालू असलेले सेझिन्सचे, म्हणजे जमिनीच्या ताबा-हस्तांतराचे, दप्तर, मृत्युपत्रे, आणि वारस म्हणून मान्यता मिळवण्याचे अर्ज यांत अमेरिकेत गेलेल्या मुलाचा किंवा भावाचा उल्लेख येतो. गाव सोडताना चर्चच्या स्थानिक मंडळाकडून वर्तणुकीचा दाखला घेण्याची रीत होती, त्यामुळे त्या मंडळांच्या इतिवृत्तांतही गेलेल्यांची नावे सापडतात. एका गोष्टीचा मात्र मोठा आधार आहे: स्कॉटिश कागदांत विवाहित स्त्री आपल्या माहेरच्या आडनावानेच लिहिली जाते. ज्या काळात अमेरिकेतील दप्तरांत बाई केवळ ‘पत्नी’ म्हणून उरते, त्या काळात स्कॉटलंडमध्ये तिचे स्वतःचे नाव उरते, आणि दोन कुटुंबे नक्की एकच आहेत का हे ठरवायला तेच सर्वांत उपयोगी पडते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची रीतही होती. ती अंदाज बांधायला चांगली आहे, पण तिला पुरावा म्हणता येणार नाही.

तारखांबाबतही सांगायला हवे. स्कॉटलंडने १६०० पासून नववर्ष १ जानेवारीला सुरू केले, तर इंग्लंड आणि अमेरिकन वसाहतींत १७५२ पर्यंत ते २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे ज्या विधिमंडळाच्या अधिवेशनाचा मी वर १७४० असा उल्लेख केला, तेच तत्कालीन कागदात फेब्रुवारी १७३९ म्हणून येते. हे ठाऊक नसल्यामुळे मूल आईवडिलांच्या लग्नाआधी जन्मले, किंवा बाप मेल्यावर त्याने खरेदीखत केले, असे निष्कर्ष काढलेले मी पाहिले आहेत.

गढी, कुळचिन्हे आणि टार्टन (घराण्याशी जोडले जाणारे चौकटींचे लोकरी कापड) यांविषयी दोनच वाक्ये लिहिते. स्कॉटलंडमध्ये कुळचिन्ह व्यक्तीला मिळते, आडनावाला नाही, आणि ते देण्याचा अधिकार लॉर्ड लायन या राजनियुक्त अधिकाऱ्याकडे आहे. आणि एखाद्या सरदाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाने त्याचे आडनाव घेणे ही हायलंड्समधील सामान्य गोष्ट होती, त्यामुळे एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे नसतात. गुणसूत्र चाचणीने यातील काही प्रश्न सुटतात, विशेषतः वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जात असल्यामुळे पुरुषपरंपरा पडताळता येते. मात्र नेहमीच्या चाचणीचा उपयोग पाच-सहा पिढ्यांपलीकडे वेगाने घटतो, आणि वसाहतकाळातील पूर्वज त्याहूनही मागे आहे.

ही सारी शिस्त ज्यांना सर्वाधिक उपयोगी पडेल त्या कुटुंबांविषयी लेखात एकही शब्द नव्हता, आणि मला ते सर्वांत खटकले. केप फिअर खोऱ्यात स्कॉटिश आडनावे लावणारी असंख्य आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावानिशी नोंद करणारी पहिली जनगणना १८७० ची. १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वय आणि लिंग मालकाच्या नावाखाली लिहिले आहे, माणसाचे नाव बहुधा नाही. १८७० च्या मागे जाण्यासाठी त्यांना स्कॉटिश मालकांची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि घरगुती पत्रेच तपासावी लागतात. त्यांत गुलामांची पहिली नावे, आणि कधी आईचे नाव मुलाच्या नावाशेजारी असते. म्हणजे ज्या कागदांना गोरे कुटुंब आपला वारसा म्हणते त्याच कागदांत दुसऱ्या कुटुंबाचा एकमेव पुरावा असतो. अमेरिकेतील मूलनिवासी क्रीक जमातीचे नेते अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे यांचे वडील इनव्हर्नेसजवळचे स्कॉट व्यापारी होते आणि आई क्रीक. स्कॉटिश वंशाची ही शाखाही शोधात यायला हवी.

आमच्या मराठी वाचकांना हा विषय तितका परका नाही. एल्फिन्स्टन, ग्रँट डफ, डॉ. जॉन विल्सन ही सारी स्कॉट मंडळी आपल्या इतिहासात आलेली आहेत, आणि कुलवृत्तांत छापताना तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनामपत्रे आणि वतनाचे कागद जुळवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. परदेशातील नातवंडांना आजोळचा इतिहास देताना तीच कसोटी लावावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

म्हणून आपल्याला विनंती आहे की पुरवणीच्या पुढील भागात या लेखाला जोड म्हणून एक लहान टिपण छापावे. त्यात वाचकांनी सुना-जावयांच्या आईवडिलांकडून घरातील बायबलच्या पानांवर लिहिलेली जन्म-लग्ने, जुन्या जमिनीचे दाखले आणि कबरींवरील मजकूर यांची छायाचित्रे आताच घेऊन ठेवावीत, प्रत्येक छायाचित्रामागे ते कोणाकडून आणि कोठून मिळाले हे लिहावे, आणि दोन पिढ्यांमधील ज्या दुव्याला कागद नाही तिथे वंशावळीत रिकामी जागा सोडून ‘पुरावा नाही’ असे स्पष्ट लिहावे, असे जरूर सांगावे. तसे टिपण तयार करण्यास मी आनंदाने मदत करीन.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त वाचक, सातारा